अपुऱ्या दिवसांची मुले आणि अपुरी व्यवस्था

भिवंडीत कापडाच्या प्रत्येक मीटरचा हिशेब ठेवला जातो. मागावरून किती कापड उतरले, ताग्यात किती दोष निघाले आणि त्यापायी मजुरीतून किती कापावयाचे, याची नोंद खात्यातील वहीत बिनचूक असते. परंतु याच शहरात गेल्या वर्षी किती मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली, त्यांतील किती काचेच्या पेटीत ठेवली गेली, किती वाचली आणि वाचलेल्यांपैकी किती जणांचे डोळे वेळेवर तपासले गेले, हा हिशेब कोणत्या वहीत पाहावा हे सामान्य नागरिकाला सांगता येणार नाही. ज्या समाजात कापडातील दोषाला वही आहे आणि मुलाच्या डोळ्याला नाही, त्या समाजाच्या अर्थव्यवस्थेविषयी निराळे भाष्य करण्याची गरज नाही. तथापि हा प्रश्न केवळ हळहळण्याचा नाही. तो धोरणाचा आहे, आणि म्हणूनच राजकीय आहे.

ज्या रोगाविषयी येथे लिहावयाचे आहे त्याला वैद्यकात 'रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी' म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याचा उल्लेख 'आरओपी' असा करतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याचा, हा विकार होय. गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास या पडद्यावर रक्तवाहिन्या पसरू लागतात आणि ही वाढ पुरी होण्यास जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. मूल अठ्ठाविसाव्या किंवा तिसाव्या आठवड्यात जन्मले तर हे काम अर्ध्यावरच राहिलेले असते. गर्भाशयातील प्राणवायूचे प्रमाण बाहेरच्या मानाने बरेच कमी असते. बाहेर आल्यावर, त्यातही नळीने भरमसाट प्राणवायू दिला गेल्यावर, वाहिन्यांची वाढ खुंटते. काही आठवड्यांनी रक्तावाचून उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्या मागू लागतो. त्या येतात त्या नाजूक आणि वेड्यावाकड्या. पुढे त्यांचे व्रण आक्रसतात आणि पडदा ओढला जाऊन जागचा सुटतो. पडदा सुटला की दृष्टी गेली. ती परत आणण्याची विद्या अद्याप माणसाच्या हाती नाही.

परंतु त्याआधी ती वाचविण्याची विद्या मात्र हाती आहे, आणि संपूर्ण वादाचे मूळ येथेच आहे. डोळ्यांत थेंब घालून प्रशिक्षित डॉक्टरने काही मिनिटे पडदा पाहिला तर रोग कळतो. तो गंभीर टप्प्यावर आढळला तर दोन-तीन दिवसांच्या आत लेसरने अथवा डोळ्यात इंजेक्शन देऊन बहुसंख्य मुलांची दृष्टी राखता येते. भारतातील नियम असा की, जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा किंवा गर्भकाळ ३४ आठवड्यांपेक्षा कमी असलेल्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत झाली पाहिजे. अगदीच लहान मुलांची त्याआधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ही मुदत टळली तर पुढे पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. बाळ दूध पिते, अंग धरते. तीन-चार महिन्यांनी आईच्या लक्षात येते की ते तिच्याकडे पाहत नाही, किंवा डोळ्याच्या बाहुलीत पांढरेपणा दिसतो. तोवर वेळ निघून गेलेली असते.

धोक्याच्या घटकांची यादी कोठे थांबते?

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात या रोगाच्या धोक्याच्या घटकांची यादी असते. कमी गर्भकाळ, कमी जन्मवजन, अनिर्बंध प्राणवायू आणि त्याच्या प्रमाणातील चढउतार, रक्तातील जंतुसंसर्ग, वारंवार थांबणारा श्वास, रक्त भरावे लागणे, जन्मानंतर वजन नीट न वाढणे, जुळी-तिळी मुले. यादी खरी आहे आणि ती तयार करणाऱ्यांचे परिश्रम मोलाचे आहेत. आक्षेप आहे तो ही यादी रुग्णालयाच्या दारात थांबते याला. मूल कमी वजनाचे का जन्मले, प्राणवायू अनिर्बंध का दिला गेला, जंतुसंसर्ग का झाला, हे प्रश्न त्या दाराबाहेरचे म्हणून सोडून दिले जातात. मग घटक जणू मुलाच्या अंगचे गुण ठरतात, आणि दोष अखेर आईच्या पदरात पडतो.

या यादीचा खरा अर्थ एका साध्या तुलनेतून कळतो. अमेरिकेत ही तपासणी साधारणतः १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या, अथवा ३० आठवड्यांपर्यंतच्या मुलांसाठी असते. त्याहून मोठ्या मुलांना हा रोग गंभीर स्वरूपात क्वचितच होतो. भारतात ही मर्यादा २००० ग्रॅमपर्यंत वाढवावी लागली, कारण येथे त्याहून मोठी, अधिक दिवस भरलेली मुलेही आंधळी होताना आढळली. अर्भकाचा डोळा अमेरिकेत आणि भिवंडीत एकाच पद्धतीने वाढतो. मग हे पाचशे ग्रॅम कोठून आले? निसर्गाने ते दिलेले नाहीत. ते आले न मोजलेल्या प्राणवायूतून, एका परिचारिकेच्या माथी मारलेल्या अनेक पेट्यांतून, न धुतलेल्या हातांतून. या पाचशे ग्रॅमांच्या टप्प्यात जी मुले दृष्टी गमावतात, त्यांचे अंधत्व व्यवस्थेने निर्माण केलेले आहे, असे म्हणण्यात यत्किंचितही अतिशयोक्ती नाही.

या रोगाचा इतिहासही हेच सांगतो. बोस्टनमध्ये थिओडोर टेरी यांनी १९४२ साली त्याचे पहिले वर्णन केले. तेव्हा तो श्रीमंत देशांचा रोग होता, कारण प्राणवायूच्या पेट्या त्यांच्यापाशीच होत्या. गरीब देशांतील अशी मुले आंधळी होण्याइतकी जगतच नव्हती. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली प्राणवायूकडे बोट दाखविले आणि १९५४ साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या संयुक्त प्रयोगाने ते खरे ठरले. तोवर सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली होती. मग प्राणवायू सरसकट कमी करण्यात आला. अंधत्व घटले, पण श्वासावाचून मरणाऱ्या आणि मेंदूला इजा होणाऱ्या मुलांची संख्या वाढली. यातून निघालेला धडा असा की प्राणवायू हे विषही नाही आणि अमृतही नाही. तो मोजून द्यावयाचा असतो. रक्तातील त्याचे प्रमाण साधारणतः ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखावे लागते. त्यासाठी हवा आणि प्राणवायू मिसळणारे यंत्र हवे, बाळाच्या पायाला बांधलेला पल्स ऑक्सिमीटर हवा आणि त्याच्या काट्याकडे चोवीस तास पाहणारे माणूस हवे. पहिल्या दोन वस्तू निविदा काढून विकत घेता येतात. तिसऱ्यासाठी पद निर्माण करावे लागते, भरावे लागते आणि त्याला पुरेसे वेतन द्यावे लागते.

आज हा रोग मुख्यतः मध्यम उत्पन्नाच्या देशांत पसरला आहे. तज्ज्ञ याला त्याची तिसरी साथ म्हणतात. २०१० या एका वर्षात जगात सुमारे २० हजार अर्भके या रोगाने आंधळी किंवा जवळजवळ आंधळी झाली, असा अंदाज आहे. जेथे नवजात कक्षच नाही तेथे मूल मरते. जेथे तो पुरता आहे तेथे मूल जगते आणि पाहते. जेथे तो अर्धवट आहे तेथे मूल जगते आणि आंधळे होते. भारत या तिसऱ्या प्रकारात मोडतो. २०२० साली जगात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३० लाख, अपुऱ्या दिवसांची मुले या देशात जन्मली. २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणे रुग्णालयांत आणली. नंतरच्या वर्षांत विशेष नवजात कक्षांची संख्या शेकड्यांनी वाढली. मुले वाचू लागली ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची मोठी कमाई आहे आणि तिला कोणी नाक मुरडू नये. परंतु मूल वाचविणे हे अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्या कामाचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते मागे पडते.

भिवंडीची साखळी

आता हीच गोष्ट भिवंडीच्या वस्तीत कशी घडते ते पाहावे. हे देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक आहे. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि मीटरवर मजुरी ही येथील जुनी रीत. पुरुष मागावर, तर स्त्रिया कांडी भरणे, तागे तपासणे, घरी धागे कापणे अशा कामांवर. अलीकडे शहराभोवतीच्या गोदामांतही. दीर्घकाळ उभे राहण्याचे काम, जड ओझी आणि रात्रपाळी यांचा अकाली प्रसूतीशी संबंध अभ्यासांतून दिसून आला आहे; दूषित हवेचाही दिसून आला आहे. सायझिंगची धुराडी ज्यांच्या दारात आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने पीडित आढळल्या. रक्तक्षय, अल्पवयातील गर्भारपण, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, वेळेवर न ओळखलेला रक्तदाब या सर्वांचा शेवट पुष्कळदा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात होतो.

अशा स्त्रीला विश्रांती घेण्यास कायदा आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन सवेतन रजा २६ आठवड्यांची झाली. तो कायदा असो की त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता असो, कामगारांच्या संख्येची अट पुरी करणाऱ्या आस्थापनालाच तो लागतो. भिवंडीत एकाच छपराखालचे माग भावाच्या, मेहुण्याच्या, पत्नीच्या नावावर वाटून कागदोपत्री लहान लहान खाती दाखविण्याची युक्ती जुनी आहे. घरी धागे कापणाऱ्या स्त्रीचे तर कोणत्याच हजेरीपटावर नाव नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली प्रत्येक गर्भवतीला किमान ६००० रुपयांचे वचन दिले; प्रत्यक्षातील योजनेत पहिल्या मुलाला ५००० रुपये मिळतात, आणि दुसऱ्या खेपेस ते मूल मुलगी असेल तरच पैसे मिळतात. मागाला सवलतीच्या दराने वीज द्यावी यासाठी सर्व पक्षांचे आमदार विधानसभेत कंठशोष करतात. ती सवलत द्यावी. पण कांडी भरणाऱ्या गर्भवतीच्या विश्रांतीसाठी तोच कंठ का फुटत नाही, हे विचारण्याचा अधिकार कामगाराला आहे.

पुढची कडी रुग्णालयाची. ३४ आठवड्यांपूर्वी कळा सुरू झाल्या तर आईला काही रुपयांचे एक इंजेक्शन वेळेवर दिल्याने बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात आणि प्राणवायूची गरज घटते. ते दिले गेले का, हे कोण तपासते? मूल खासगी शुश्रूषागृहात गेले तर पेटीचे भाडे दिवसागणिक चढते. उसनवारी संपली की बाप बाळाला घरी नेण्याची घाई करतो. घरी आल्यावर अनेक कुटुंबे गावाची वाट धरतात. कोणी आझमगड-जौनपूरकडे, कोणी बिहारकडे, कोणी तेलंगणात. बाळंतिणीला मायेची माणसे तेथेच असतात आणि खोलीचे भाडेही वाचते. तिसावा दिवस नेमका या प्रवासात किंवा गावातील ओसरीवर उजाडतो. सुटीच्या कागदावर कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेली डोळ्यांच्या तपासणीची सूचना वाचणारे तेथे कोणी नसते. मग रुग्णालयाच्या नोंदीत 'पुन्हा आले नाहीत' असा शेरा पडतो आणि जबाबदारी कुटुंबावर ढकलली जाते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

यावर ठरावीक आक्षेप घेतले जातात. पहिला असा की गरिबांत जागृती नाही. हा आक्षेप सर्वांत सोयीचा आणि सर्वांत खोटा आहे. चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात १९९६ साली २९व्या आठवड्यात, १२५० ग्रॅम वजनाची एक मुलगी जन्मली. तिच्या आईबापांनी सांगितलेल्या सर्व भेटी पाळल्या. तरीही डोळे तपासण्यास त्यांना कोणी सांगितले नाही आणि मुलगी आंधळी झाली. बापाने जवळजवळ वीस वर्षे झगडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी एकूण सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. तेथे जागृती कमी पडली ती कोणाची?

दुसरा आक्षेप डोळ्यांच्या तज्ज्ञांचा तुटवडा. तो खरा आहे, पण निरुपाय करणारा नाही. कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात कक्षांत जातात, पडद्याची छायाचित्रे घेतात आणि बंगळूरमधील तज्ज्ञ ती पाहून निर्णय देतात. महाराष्ट्रात गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात मुलांचे मृत्यू कमी करून दाखविले, आणि तीच पद्धत पुढे देशाने आशा कार्यकर्त्यांमार्फत स्वीकारली. भिवंडी मुंबईच्या उंबरठ्यावर आहे. येथे तज्ज्ञ पोहोचत नाहीत याचे कारण अंतर नव्हे.

तिसरा आक्षेप पैशांचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते वर्ष उलटले, उद्दिष्ट दूरच राहिले. अर्थशास्त्राच्या भाषेतच बोलावयाचे तर, अंध मुलाच्या साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्याचा भार सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो कुटुंबाच्या, विशेषतः आईच्या, खात्यावर टाकलेला असतो. चेन्नईच्या खटल्यात तो प्रथमच सरकारच्या नावे मांडला गेला आणि एका मुलीपोटी आकडा निघाला १ कोटी ८० लाख. एवढ्या रकमेत किती नवजात कक्षांची तपासणी झाली असती याचा हिशेब कोणीही करून पाहावा. जी बचत दिसते ती बचत नसून गरिबाकडून सक्तीने घेतलेले कर्ज आहे, आणि ते कधीच फेडले जात नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला, आणि पालघर तेव्हा भिवंडीप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होते. त्या कार्यक्रमाने ज्या तीस व्याधींची जबाबदारी घेतली त्यांत या रोगाचे नाव स्पष्टपणे आहे. म्हणजे भीक मागावयाची नसून दिलेल्या वचनाची वसुली करावयाची आहे.

पहिली मागणी नोंदवहीची. शहरातील प्रत्येक नवजात कक्षाने, मग तो सरकारी असो वा खासगी, २००० ग्रॅमखालील व ३४ आठवड्यांआतील प्रत्येक मुलाची नोंद ठेवावी. तिसाव्या दिवसाची तारीख आणि तपासणीचा निकाल तीत असावा आणि एकूण आकडे दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावेत. खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्यान्वये महापालिका करते. ही वही आणि प्राणवायू मोजण्याची साधने असल्याखेरीज पेटी चालविण्यास परवानगी मिळू नये.

दुसरी मागणी माणसांची. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयापासून ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत परिचारिकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारावे आणि उत्तर वस्तीतील फलकावर लावावे. आईला मुलाजवळ राहण्यासाठी खाट आणि जेवण मिळाले पाहिजे. बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटाच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली, आणि तिने जंतुसंसर्ग व मृत्यू दोन्ही घटतात असे पुढे सिद्ध झाले. परंतु छातीशी धरणारी आई उपाशी व दाराबाहेर असेल तर पद्धत कागदावरच राहील.

तिसरी मागणी पाठपुराव्याची. आशा कार्यकर्तीच्या नवजात भेटींच्या वेळापत्रकात अठ्ठाविसावा दिवस आहेच. त्या दिवसाच्या रकान्यात 'डोळे तपासले काय?' हा एक प्रश्न घालावा आणि त्याचा मोबदलाही तिला द्यावा. आपल्या मानधनासाठी २०२३ साली संपावर जावे लागलेल्या स्त्रियांवर फुकटचे आणखी एक ओझे लादणे हा समाजवाद नव्हे. सुटीचा कागद मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू अशा घरच्या भाषेत असावा. तपासणीसाठी प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी. गावी जाणाऱ्या मुलाची तारीख तेथील जिल्हा रुग्णालयाला कळवावी.

चौथे काम चळवळीचे स्वतःचे आहे. मीटरचा दर, बोनस, ओळखपत्र या मागण्या आवश्यकच आहेत. परंतु कामगार म्हणजे मागावर उभा असलेला पुरुष एवढीच कल्पना धरून मागणीपत्रे लिहिली गेली तर कांडीवरील गर्भवती आणि पेटीतील मूल त्यांत कोठेच बसत नाहीत. मातृत्व लाभ आणि तिसाव्या दिवसाची तपासणी या मागण्या मजुरीच्या मागणीइतक्याच कामगारवर्गाच्या आहेत, कारण अपुऱ्या मजुरीची किंमतच येथे मुलाच्या डोळ्यांनी मोजली जात आहे.

तीस दिवसांची मुदत सरकारला लहान वाटत असेल. निवडणुकीच्या हिशेबात तर ती दिसतच नाही. पण आज भिवंडीत अपुऱ्या दिवसांच्या ज्या मुलाने जन्म घेतला असेल, त्याची मुदत आजपासून सुरू झाली आहे. ज्या कार्यकर्त्याच्या वस्तीत असे मूल आहे त्याने पुढील सभेची वाट पाहू नये. त्या घरी जावे, तारीख मोजावी आणि आई-बाळाला घेऊन रुग्णालयाच्या दारात उभे राहावे. तपासणी होत नाही असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. अशी शंभर उत्तरे जमली की नोंदवही ठेवण्यावाचून महापालिकेला गत्यंतर राहणार नाही.